खुराड्यात हात

३ नोव्हेंबर, सोमवार

को. ११. काल बारा कोंबड्या होत्या.

तुरेवाली गेली. सकाळी आई खुराड्याची फळी काढून बसल्या, एकेक कोंबडी हाताखालून बाहेर सोडत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुरेवाली इली नाय." मी चहा गॅसवर तसाच टाकून धावले. फळी रात्री लावली तशीच होती, फळीला टेकवलेला चिरा जागच्या जागी. आत पीस नाही, रक्ताचा थेंब नाही, रात्री आवाज नाही. दिवाळीपासून ही तिसरी. मुंगूस आलं असतं तर पिसांचा सडा पडला असता, आणि कोंबड्यांनी वाडी डोक्यावर घेतली असती.

खरं लिहायचं तर कोंबडी गेली तर गेली. मला भीती आहे ती आईंच्या हाताची.

काचबिंदूने त्यांचे डोळे गेले त्याला दोन वर्षं झाली. उजेड आणि काळोख, एवढंच कळतं. तेव्हापासून एकेक काम मी त्यांच्या हातातून काढून घेतलं. आधी विहीर, मग विळी, मग गॅस. कोंबड्या राहिल्या. रोज तिन्हीसांजेला सासूबाई खुराड्याच्या तोंडाशी बसतात, खांद्यापर्यंत हात आत घालतात आणि प्रत्येकीला हात लावून मोजतात. सकाळी परत तेच, कोण अंडं देणार ते चाचपायला. "आज काळी देतली, भुरी नाय." चूक म्हणून नाही.

आणि रात्री त्याच भोकात काहीतरी येतं आणि आवाज न करता एक कोंबडी घेऊन जातं.

मी म्हटलं, "उद्यापासून मी मोजतंय." म्हणाल्या, "तू डोळ्यांनी मोजतलंस. डोळे फसतत."

४ नोव्हेंबर, मंगळवार

माडांपलीकडची वत्सलाकाकी ब्लाऊज न्यायला आली होती. तिचं ठाम मत, वाघ. "तळ्याकडचो कुत्रो नेल्यान तेणी. आता तुमच्याकडे वळलो."

"वाघ जाताना फळी लावून, वर चिरो ठेवून जाता काय गो काकी?"

"हस तू. पण रात्रीचा भायर पडा नको."

हसले खरी. पण आमचं घर वाडीतलं शेवटचं, मागे काजूचं रान, हे गोव्यात टुरिस्टांची बस चालवतात ते शनिवारी रात्री उगवणार, तेही सीझन नसला तर. घरात आम्ही दोघी. संडास अंगणाच्या टोकाला. संध्याकाळी सातनंतर पाणी पिणं बंद केलंय. काल रात्री तरीही दोनदा जाग आली, दोन्ही वेळा दाबून पडून राहिले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ही तऱ्हा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसाउजेडी बॅटरी घेऊन खुराड्यात डोकं घातलं. तीन बाजूंना चिरे, चौथी बाजू म्हणजे आमच्याच पडवीची भिंत. वर कौलं. कौलांखाली वाशाच्या टोकाशी तीन बोटं जातील एवढी फट. हाच तो दरवाजा! ह्यांना फोन केला. "शिमेट घाल आणि बुजव," म्हणाले, जसं काही मी गवंडीकाम शिकूनच सासरी आले. दुकानातून सुटं सिमेंट आणलं, हातानेच थापलं. आता बोटांची सालं गेलीत आणि सुई धरवत नाही.

आई पडवीत बसून सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "फटी बुजवून काय होतला? ह्या वर्साची राखण खंय दिलास?"

खरं आहे. जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, दरवर्षी कोंबडा द्यायचा, तो यंदा राहिला. ह्यांना सुट्टीच मिळाली नाही. आईंच्या मते कोंबड्या कोणी चोरत नाही. ज्याचा मान त्याला दिला नाही म्हणून तो आपला आपण नेतोय.

माझा विश्वास अर्धा. पण रात्री बारानंतर पाऊण.

९ नोव्हेंबर, रविवार

राखण दिली. हे काल रात्री आले ते कोंबडा घेऊनच. सकाळी बांधावरच्या दगडापाशी नारळ ठेवला, ह्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, आज जो काय मान दिलेलो आसा तो मान्य करून घे, आणि हय जी काय वाकडी नजर पडली आसात ती दूर कर रे म्हाराजा." होय म्हाराजा म्हणायला मी एकटी. चार माणसांनी म्हणायचं ते एकटीने म्हटलं की भीक मागितल्यासारखं वाटतं.

त्याआधीचा तमाशा. आईंनी कोंबड्याला हात लावला आणि त्यांचं तोंडच बदललं. "ह्यो गावठी न्हय."

"गावठीच आसा. दुकानवाल्यान सांगल्यान."

"दुकानवालो सांगतलो तर म्हशीक पण गावठी कोंबो म्हणशीत. पाय बघ हेचे, लोण्यासारखे. हेणी जन्मात माती उकरूक नाय. राखणदाराक फसवतंस?"

हे लाल झाले. दुसरा आणायला वेळ नव्हता, चारची गाडी पकडायची होती. तोच दिला. दुपारी वडे-सागोती झाली, आईंनी नुसते वडे खाल्ले. मी दोन वेळा सागोती घेतली. चवीला काही वाईट नव्हता.

१० नोव्हेंबर, सोमवार

को. १०. भुरी गेली.

सिमेंट तसंच. फळी तशीच. चिरा तसाच.

आई "सांगलंय नाय?" एवढंच म्हणाल्या. मी न्हाणीत जाऊन रडले. भुरीसाठी नाही. काल संध्याकाळी त्यांनी हात घातला तेव्हा ते आत असेल का, की नंतर आलं? कसं कळणार? हात घातला तेव्हा ते एखाद्या कोपऱ्यात गप्प पडून असेल तर?

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाऊ आला माझा, बाबू. होडीवरचं जुनं जाळं घेऊन आला, बारीक नायलॉनचं, ठिकठिकाणी फाटलेलं. ते तिहेरी करून आख्ख्या खुराड्यावर घातलं, वरून, बाजूंनी, खाली शिशाच्या गोळ्या जमिनीला टेकतील असं. कौलंसुद्धा झाकली. "ह्याच्यातसून पापलेट सुटाक नाय, तुझो चोर खंय सुटतलो?" म्हणाला. दाराच्या बाजूला एक पदर सोडलाय, तो दोरीने बांधायचा-सोडायचा.

पहिल्यांदा जरा धीर आला. कोळ्याच्या घरची मुलगी आहे मी, जाळ्यावर माझा राखणदारापेक्षा जास्त विश्वास.

माशांचा वास मात्र अंगणभर. संध्याकाळपर्यंत वाडीतली सगळी मांजरं हजर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

को. १०. दोन रात्री झोपले. पाच तास सलग. पाणी पण प्यायले.

आईंना जाळं आवडलेलं नाही. "हाताक वाट गावत नाय," म्हणतात. दोरी सोडून देते मी, पण त्यांच्या बांगड्या अडकतात, बोटं अडकतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हे येणार नाहीत. सीझन.

संध्याकाळी आईंचं करंगळीशेजारचं बोट जाळ्यात अडकलं. त्यांनी ओढलं, नायलॉनने कापलं. रक्त. "काढून टाक ता जाळा," म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दिवसभर मशीनवर बसून पाठ मोडलेली, वर त्यांची कुरकुर. म्हटलं, "तुमका दिसत नाय ता माका निस्तरूचा लागता."

आईंनी हात पुढे केला. फडकं बांधू दिलं, जेवल्या, ताट स्वतः चाचपत नेऊन ठेवलं.

चार वेळा वाटलं जाऊन माफी मागावी. नाही गेले.

१६ नोव्हेंबर, रविवार

तिन्हीसांजेला आई खुराड्याकडे गेल्याच नाहीत. पडवीत खाटेवर बसून राहिल्या. मी बॅटरी मारून मोजल्या, दहा, आणि मोठ्याने सांगितलं, "दहा आसत आई."

मला हेच हवं होतं ना? हात सुरक्षित. मग बरं का वाटत नाही?

१९ नोव्हेंबर, बुधवार. सरकारी हॉस्पिटल. दुपार.

वही पिशवीत होती म्हणून लिहितेय. हात चालू राहिला तर डोकं चालू राहील.

परवा रात्रीची गोष्ट. मंगळवारची पहाट म्हणा. अडीच वाजता कोंबड्यांचा आवाज झाला. ओरडणं नाही, दबका, घशातला. मी जागी होते. ऐकलं आणि उठले नाही. हे लिहिलंच पाहिजे. मी चादर डोक्यावरून घेतली आणि मनात म्हटलं, जाळं आहे.

मग बाहेरून आईंचा आवाज. "शैला गो… माजो हात अडाकलो."

बॅटरी घेऊन धावले. आई खुराड्यापुढे बसलेल्या, उजवा हात कोपरापर्यंत जाळ्यात, बोटांना नायलॉनचे वेढे. ओढून ओढून आणखी गुंतवलेला. आणि त्या हातापासून वीतभर अंतरावर, त्याच जाळ्यात, नाग. मानेपासून खाली तीन-चार ठिकाणी आवळलेला. फणा काढायला बघत होता, जाळं फुलू देत नव्हतं. फुसकारत होता.

आईंना तो फुसकारा ऐकू येत होता. म्हणाल्या, "खुडूक कोंबी अडाकली बग. कवाधरना फुसफुसता. तिका आधी सोडव."

अंड्यांवर बसलेली कोंबडी तशीच फुसफुसते. आई तिला सोडवायला आल्या होत्या. अंधारात, चाचपत. आणि दुसरा हात त्या आवाजाकडेच चालला होता.

मी तो हात धरला. "आई, हलू नका. कोंबीच आसा. मी सोडवतंय. तुमी नुसत्या गप रवा." आवाज कसा काढला देव जाणे. कापडाची कात्री आणली, जी मी कागदालासुद्धा लावू देत नाही. बॅटरी दातात धरली. एकेका बोटाचे वेढे कापत गेले. एक एक धागा तोडला की जाळं हलायचं आणि तो इकडे वळायचा. मी किती वेळ कापत होते? पाच मिनिटं असतील. आई मध्येच म्हणाल्या, "सावकाश गो, घाबारली आसा ती."

हात सुटला तेव्हा रक्ताने भरलेला. धुतला तर कापल्याच्या खुणाच खुणा, आणि मनगटाजवळ दोन ठिपके शेजारीशेजारी. ते जाळ्याचे की त्याचे? कोण सांगणार?

महेशला फोन केला. रिक्षा चालवतो, साप पण धरतो. दहा मिनिटांत आला, जाळ्यावर बॅटरी मारली. "नाग. ह्येका मागसून बघतंय, आदी म्हातारेक रिक्षात घाल."

आईंना तेव्हा कळलं. वाटेत एकदाच विचारलं, "कोंबी नव्हती?" मी नाही म्हटलं. पुढे सगळी वाट त्यांनी माझं मनगट धरलं होतं, डाव्या हाताने.

डॉक्टर बाई लहान वयाच्या. म्हणाल्या, चावा असेल किंवा नसेल, दोन दिवस नजर ठेवायची. "पापण्या जड होतात का बघत राहा. पापणी खाली आली की मला लगेच बोलवा."

आईंच्या पापण्या कायमच अर्ध्या मिटलेल्या. डोळे गेल्यापासून त्या उचलण्याचं त्यांना काही कारणच उरलेलं नाही. मी समोर स्टूल घेऊन बसले आणि बघत राहिले. ही आत्ता खाली आली का? की होती तिथेच आहे? बावीस वर्षं ह्या घरात आहे, त्यांच्या तोंडाकडे इतकं कधी बघितलं नव्हतं. डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे. कशाचा, ठाऊक नाही.

दर अर्ध्या तासाला डॉक्टर यायच्या. "आजी, एका श्वासात मोजा बघू. एक, दोन, तीन… थांबायचं नाही." विष चढलं की श्वास पुरत नाही म्हणे. पहिल्या खेपेला आईंनी सुरुवात केली, मोठ्याने, स्पष्ट, आणि दहावर थांबल्या. डॉक्टर एकदम पुढे वाकल्या. मी भिंत धरली. "आजी, पुढे? पुढे मोजा!"

"पुढे कोंबयो नायत."

नर्स तोंडाला हात लावून हसली. डॉक्टर पण. मी रडले, आणि ते थांबेचना.

संध्याकाळ, तिथेच.

पापण्या तशाच. बोटं सुजलीत, दोन बोटांना स्पर्श कळत नाही, आवळल्यामुळे. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. किंवा नाही येणार.

जाळं मी घातलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल घरी आलो. चावा नव्हता. आता लिहिताना पण हात जोडावेसे वाटतात, कोणाला ते ठरत नाही.

महेशने नाग त्याच पहाटे परत येऊन सोडवला, लांब रानात सोडला. आज जाळं काढायला आला. म्हटलं, "आता चोर गेलो ना?"

जाळं गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "वयनी, ह्यो अंडी खाता, पिला खाता, बेडूक-उंदीर खाता. माशांच्या वासार मांजरा इली, उंदीर इले, तेंच्या मागसून ह्यो इलो आसतलो. पण तयार कोंबी ह्येच्या तोंडात मावाची नाय. तुमच्या कोंबयो नेता तो दुसरो."

"कोण?"

"अजगर म्हणतंय मी. पण बगल्याशिवाय कसा सांगू?"

म्हणजे जाळ्याने चोर पकडला नाही. जो येत नव्हता त्याला बोलावून आणलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

हे आलेत. आईंचा हात बघून पडवीत येरझाऱ्या घालत होते. मग फर्मान. "सगळ्यो कोंबयो देवन टाकूया. वत्सलाकाकी घेवक तयार आसा. दहा कोंबयांसाठी माणूस घालवूचा काय?"

बरोबरच आहे. कोणीही शहाणा हेच म्हणेल. मी पण हेच म्हणणार होते.

आई खाटेवर होत्या. बँडेज बांधलेला हात मांडीवर. म्हणाल्या, "दी. पण मगे मी दिवसभर काय करू ता पण सांगान ठेव."

हे म्हणाले, रेडिओ आणतो.

मला हॉस्पिटलातलं ते दहावर थांबणं आठवलं. ह्या बाईकडे मोजायला दुसरं काहीच नाही. विहीर, विळी, गॅस, सगळं मी घेतलं, काळजी म्हणून. शेवटचं पण आता घ्यायचं?

म्हटलं, कोंबड्या राहतील. चांगलं भांडण झालं. शेवटी हे म्हणाले, "उद्या काय झाला तर माका फोन करू नको." मग तासाभराने स्वतःच बाजारात जाऊन लोखंडाची बारीक जाळी आणली, कौलांखाली चहूबाजूंनी ठोकली, अंगणात बल्ब लावला आणि चारच्या गाडीने गेले. जाताना आईंच्या पाया पडले. एरवी पडत नाहीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

को. १०.

तीन दिवस मीच मोजतेय. आई पडवीतून हलत नाहीत. खायला दिलं तर खातात, उठा म्हटलं तर उठतात. माझ्या आईचं शेवटचं वर्ष असंच गेलं. मला सापाची भीती वाटते, वाघाची वाटते, रात्री संडासला जायची वाटते. पण ह्या बसण्याची जास्त वाटते.

आज तिन्हीसांजेला त्यांना हाताला धरून नेलं. आधी बॅटरीने चारी कोपरे बघितले, काठी फिरवली, कोंबड्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग म्हटलं, "घाला हात."

उजव्या हाताला कळत नाही म्हणून डावा घातला. डाव्याला सवय नाही. काळीला लाल म्हणाल्या, लालला काळी. दहा मात्र बरोबर आल्या. उठताना म्हणाल्या, "त्या दिसा तू कोंबी म्हटलंस म्हणान मी गप रवलंय. साप म्हटलं असतंस तर मी हात वडलं असतंय."

आणि आणखी एक. "माका निस्तराक लागता म्हटलंस ता खोटा नाय. पण बोलाचा नव्हता."

मी म्हटलं, "चुकलंय मी." दहा दिवस घशात अडकलेलं होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

को. ९. काळी.

बल्ब जळत होता. जाळी धड. फळी, चिरा, सगळं धड.

महेशला बोलावलं. त्याने कोंबड्या बाहेर काढल्या, आतला भुसा फावड्याने ओढला आणि पडवीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यातून खुडूक कोंबडीची पाटी उचलली. अंड्यांवर बसलेलीला हलवायचं नाही, म्हणून त्या पाटीखाली मी कधी बघितलंच नव्हतं. सिमेंट लावलं, जाळं घातलं, काठी फिरवली, सगळं पाटी सोडून.

पाटीखाली भोक. घुशीचं जुनं बीळ, पण आता तोंड गुळगुळीत झालेलं, माझी मूठ सहज जाईल एवढं. चिऱ्याखालून पडवीच्या जमिनीत गेलंय. महेशने काठी आत घातली. हातभर गेली, मग आख्खी. टेकली कुठेच नाही.

आमची पडवी. आईंची खाट त्याच्यावर आहे. वर्षानुवर्षं.

"आत आसा काय?"

"आसात. नसात पण. खावन गेलेलो आठ-आठ दिस हलणा नाय. पडवी फोडूक व्हयी."

कोंबड्या रात्रीच्या घरात घेऊ का विचारलं. नको म्हणाला. "मगे तो तेंच्या मागसून घरात येतलो."

भोकावर चिरा ठेवला, त्यावर दुसरा. आईंची खाट माजघरात माझ्या खाटेला लावून घेतली. ह्यांना फोन केला, करू नको म्हणाले होते तरी. रविवारी गवंडी घेऊन येतायत.

रात्र. झोप नाही. जमिनीला कान लावला होता. काही ऐकू आलं नाही, आणि ते जास्तच वाईट.

३ डिसेंबर, बुधवार

रविवारला चार रात्री आहेत.

दिवसभर ठरवलं होतं, आईंना आज हात घालू द्यायचा नाही. चार दिवसांचा तर प्रश्न. दुपारी तसं सांगितलं पण. "बरा," म्हणाल्या. सहा वाजता बघते तर पडवीच्या पायरीवर येऊन बसलेल्या, डाव्या हाताची बाही वर केलेली.

आधी मी घातला. त्या कोपऱ्यात, दगडावर. दगड जागेवर होता. गार होता. दगड गारच असतो, तरी हात झटक्याने बाहेर आला आणि कोपर चिऱ्यावर आपटलं. मग काठी. मग चारी कोपऱ्यांत बॅटरी. मग आईंना हाताला धरून बसवलं.

मी त्यांच्या खांद्यावरून उजेड धरला होता, त्या दगडावर. दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. आईंचा हात आत गेला. एक. दोन. तीन. प्रत्येकीवर जरा थांबून, पाठीवरून फिरवून.

पाचवर थांबल्या. "बॅटरी नीट धर गो."

"धरलंय."

"नाय धरूक. उजेड हलता. कोंबयो बिचकतत, माज्या हाताक कळता."

दोन्ही हातांनी धरली. तरी हलत होती. आई वाट बघत बसल्या, हात तसाच आत ठेवून, मी स्थिर होईपर्यंत. मला सांगायचं होतं, आई काढा हात, राहू दे आज. सांगितलं नाही.

सहा. सात. आठ.

नववी मागे बसली होती, दगडाच्या बाजूला. तिथपर्यंत पोचायला आईंना वाकावं लागलं. खांदा आत गेला, मग गाल चिऱ्याला टेकला.

"नव," म्हणाल्या.

उद्या परत सहाला.